जिजाबाईच्या नावावरची कलमं

बोरडोह, ता. नरखेड
८ जानेवारी २०२५

वेदिका,

मी जयवंता. तुझ्या यमूआजीची बोरडोहची मैत्रीण. दुसरीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो, मंग ती पुढच्या वर्गात गेली अन् मी वावरात गेली. अक्षर म्हणून वाकडं आहे. वाचून घे.

फोन काहून नाही केला म्हणशील. मले ऐकू येत नाही. कानात मशीन घातली का सारं जग टीनावर गोटे फेकल्यासारखं वाजते. काजलच्या, म्हणजे माझ्या नातसुनेच्या, मोबाईलवर तू लिहिलं तर ती मले वाचून दाखवते, अन् वाचता वाचता जे मले झोंबन ते गाळून टाकते. तवा कागदावर लिही, पाकीट चिकटव अन् पोस्टात टाक.

आता कामाचं. आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. माझ्या नातवानं, धर्मेंद्रनं, कॉलेजात असताना तिची वेबसाइट बनवली. वरुड, काटोल, पांढुर्ण्यापासून लोकं तिच्यावरच कलमं बुक करतात. दिवाळीच्या बाजारात काटोलचा एक जण चारचौघांत म्हणे, "काय आजी, कलमं सोडून तीनपत्तीचा अड्डा टाकला काय?" मले वाटलं पिऊन आहे. काजलनं मोबाईल उघडला. आमच्या नर्सरीच्या नावाखाली पत्ते, पैशाच्या थैल्या अन् एक अर्धी उघडी बाई. कलमं कुठंच नाही.

धर्मेंद्र हैदराबादेले नोकरीत आहे. तो म्हणे, "आजी, सर्व्हरचा काही प्रॉब्लेम असन, पाह्यतो." दिवाळीपासून पाहूनच राहिला.

यमू सांगे का तू बिघडलेल्या साइट दुरुस्त करते, जुन्या झालेल्या नव्यावर नेते, अन् त्याच्यावरच तुझं पोट आहे. मले उपकार नको, काम पाह्यजे. अक्षय तृतीयेले आमची बुकिंग उघडते.

अन् एक गोष्ट नीट ऐक. संत्र्याचं कलम आज विकलं तर त्याचं फळ पाचव्या-सहाव्या वर्षी दिसते. तोवर घेणाऱ्याजवळ काय असते? माझा शब्द. कोणाले कोणत्या झाडाचं कलम देल्लं, ते सारं त्या साइटमध्ये आहे. आधी कागदावर होतं, ते उधईनं खाल्लं. हे गेलं तर माझ्या शब्दामागं उभं राहाले काहीच उरत नाही. जुगारवाल्यांचं नंतर पाहू, ते पहिले वाचव.

यमूले सांग, गुडघ्याले तेल लाव, रडू नको.

जयवंता


हुडकेश्वर, नागपूर
१५ जानेवारी २०२५

जयवंताआजींना,

वेदिकाचा नमस्कार. यमूआजीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जशीच्या तशी आहे," आणि लगेच तेल मागवलं.

तुमची साइट मी बाहेरून पाहिली. घाबरण्यासारखं आहे, पण हाताबाहेर गेलेलं नाही. एवढ्या वर्षांत तिची कुलपं कोणी बदललीच नाहीत. अशा साइट शोधत फिरणारे प्रोग्राम असतात. त्यांना तुम्ही कोण, संत्री म्हणजे काय, काही ठाऊक नसतं. फट दिसली की शिरतात आणि आपल्या पाट्या लावतात. तुमच्याशी कोणाचं वैर नाही.

आतली माहिती शाबूत आहे का, हे आत गेल्याशिवाय सांगता येणार नाही. मी आधी सगळ्याची एक पूर्ण प्रत काढून बाजूला ठेवते आणि मगच कशाला हात लावते. हा माझा नियम आहे. पण त्यासाठी धर्मेंद्रदादांचा पासवर्ड लागेल. मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा "हो ताई, बघून सांगतो" असं उत्तर आलं. तुम्ही सांगून पाहाल का?

तुमची,
वेदिका


बोरडोह
२१ जानेवारी

वेदिका,

सांगून पाह्यत नसतात, सांगतात. मी त्याले दोन ओळी लिहिल्या: पासवर्ड दे, नाही तर मी लुगड्यावर तुझ्या हाफिसात येतो अन् तुझ्या साहेबाच्या समोर बसून ठेचा-भाकर खातो. पत्र पोहोचलं त्या दिवशीच त्याचा काजलले फोन आला.

पण पोट्ट्यानं काजलले पासवर्ड सांगतला नाही! म्हणे, मी वेदिकाताईलेच सांगन. ही म्हणे, "मले काहून नाही सांगत?" तो म्हणे, "सिक्युरिटी असते." मले सांग, नवऱ्यानं बायकोपासून लपवावा अन् परक्या पोरीले सांगावा असा कोणता शब्द असते वं? काजल कालपासून भाकरी जाळून राहिली. त्याचा राग मी चावून राहिली, अन् माझे दात मोजकेच आहेत.

लवकर कर.

जयवंता


हुडकेश्वर
६ फेब्रुवारी

जयवंताआजींना,

पासवर्ड मिळाला. आत गेले, लगेच तो बदलला, आणि जुना काय होता ते मी विसरले आहे. काजलवहिनींनी विचारलं तर एवढंच सांगा.

प्रत काढून झाली. जुगाराच्या पाट्या उतरवल्या, फटी बुजवल्या. आता साइट उघडली की पुन्हा कलमंच दिसतात. पण ती ज्या चौकटीवर उभी आहे ती आता इतकी जुनी झाली आहे की तिची देखभाल करणंच तिच्या बनवणाऱ्यांनी सोडून दिलंय. आज बुजवलेली फट उद्या दुसरीकडे उघडेल. म्हणून मी आजच्या पद्धतीची नवी चौकट घेऊन त्यावर साइट पुन्हा बांधते, आणि आतली माहिती तिथे नेते. तोवर जुनी चालू राहील, तुमचं गिऱ्हाईक अडणार नाही.

आता एक काळजीची गोष्ट, आणि एक नाजूक गोष्ट.

काळजीची ही, की झाडांची माहिती मला कुठेच सापडत नाही. गिऱ्हाइकं आहेत, तारखा आहेत, कलमांची संख्या आहे. झाडांचा रकानाच नाही.

नाजूक अशी, की गिऱ्हाइकांच्या यादीत जिजाबाई, मधुकरराव आणि चंद्रभान अशी तीन माणसं आहेत. त्यांचा पत्ता नाही, फोन नाही, त्यांनी कधी एकही कलम घेतलेलं नाही. तरी जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकासमोर यांच्यापैकी एकाचं नाव आहे. जिजाबाईंचं तर फारच. हे दलाल आहेत का? धर्मेंद्रदादांनी तुम्हाला न सांगता कोणाला मध्ये घातलं होतं का? एरवी अशी अर्धवट नावं मी कचरा म्हणून बाजूला काढते. पण ही काढायच्या आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं.

तुमची,
वेदिका


बोरडोह
११ फेब्रुवारी

अवं पोरी,

जिजाबाईजवळ फोन नाही, कारण ते झाड आहे!

पत्र वाचून मी एवढी हासली का काजल पाणी घेऊन धावली. आमच्याकडे कलमाले डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, बांधाले ज्याच्या वावरातून काडी आणली त्याचं नाव त्या झाडाले देतात. खरी जिजाबाई सावरगावची. बोलाले अशी का ऐकणाऱ्याचं तोंड कडू व्हावं, पण तिच्या वावराच्या धुऱ्यावरचं संत्र साखर. तिच्याकडून काडी आणली, झाड लावलं, त्याची जिजाबाई झाली. मधुकररावाले बिया कमी. चंद्रभान उशिरा पिकते, पण टिकते. गिऱ्हाईक येते अन् म्हणते, आजी, मले जिजाबाई द्या. कोणी हासत नाही. तिन्ही जण विहिरीच्या वरच्या अंगाले उभे आहेत.

धर्मेंद्रले गिऱ्हाइकाचा खण बनवता आला, झाडाचा येगळा बनवाचा कंटाळा आला, म्हणून त्यानं झाडंही माणसांतच बसवले. एवढे वर्षं कोणाले समजलं नाही. समजाले कोण पाह्यत होतं?

नव्या चौकटीचं तू पानभर लिहिलं. एवढं कायले? खुंट, म्हणजे खालचं रोप, नवा; डोळा जुना. आमच्या घरी लेकरालेही समजते. डोळा जिवंत असताना काढला, अन् बांधताना सुकू नाही देल्ला का झालं.

एक मात्र बोलतो. तीन नावं तुले कचरा वाटले अन् तू पुसले नाही, इचारलं. इथं शिकलेले लोकं येतात, माती पाह्यतात, इचारत नाहीत, लिहून घेऊन जातात. तू इचारलं. हे मी ध्यानात ठेवलं.

आता ये अन् तुझ्या दलालांले भेटून जा. नागपूरहून नरखेडची एसटी आहे. काजल फाट्यावर गाडी घेऊन येईन.

जयवंता


हुडकेश्वर
२४ फेब्रुवारी

जयवंताआजींना,

सुखरूप पोहोचले. पिशवीतली अर्धी संत्री बसमध्येच संपली, शेजारच्या बाईंनी मदत केली.

मधुकररावांच्या बुंध्याला हात लावायला लावून तुम्ही म्हणालात, "नमस्कार कर, याले दलाल म्हणली तू." केला तो बरं झालं. आता नव्या साइटवर झाडांना त्यांची स्वतःची जागा दिली आहे. प्रत्येकाचा फोटो, फळाचा गुण, काडी कुठून आली ते. जिजाबाई फार छान दिसते.

पण तुमच्याकडे ओसरीवर बसून ऐकलेल्या एका वाक्याने मला इथे आल्यावर झोप लागू दिली नाही. तुम्ही म्हणालात, गारपिटीच्या साली जिजाबाई सोलून निघाली होती, त्या हंगामात तिचा एकही डोळा घेतला नाही.

आजी, साइटमध्ये त्याच हंगामात जिजाबाईच्या नावावर सर्वांत जास्त कलमं आहेत.

मी वाटेत काही सांडलं का म्हणून सगळं परत तपासलं. मूळ प्रतीत, जिला मी हात लावलेला नाही, तिथेही तेच आहे. मग बाकीचे हंगाम पाहिले. एका झाडावरून जेवढे डोळे निघतात असं तुम्ही सांगितलंत, त्याच्या कितीतरी पट कलमं दर वर्षी तिच्या नावावर आहेत. म्हणजे पुष्कळ लोकांच्या बागेत जिजाबाई म्हणून जे उभं आहे, ते जिजाबाई नाही.

मी हे जसंच्या तसं नव्या साइटवर नेऊ शकते. कोणाच्या लक्षात येणार नाही. पण तुमचा शब्द त्यात आहे असं तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिलं होतं, म्हणून तुम्हाला न सांगता नेणार नाही.

तुमची,
वेदिका


बोरडोह
२७ फेब्रुवारी

वेदिका,

माझ्या सासूनं नर्सरी टाकली, मी चालवली. एका कलमाले कधी खोटं नाव देल्लं नाही. एक दिवस येऊन चार झाडं पाह्यले अन् तू मले सांगते माझी जिजाबाई खोटी? नवी साइट बांधता बांधता तुझ्याच हातून सांडलं असन. शहरातल्या लोकांले आपलं सांडलेलं दुसऱ्याच्या घरात दिसते.

काम तिथंच थांबव.

जयवंता


बोरडोह
८ मार्च

वेदिका,

माझ्या त्या पत्राले तू उत्तर नाही लिहिलं. नुसते जुन्या साइटच्या पानांचे छापलेले कागद पाठवले, त्या गारपिटीच्या हंगामाचे. एक शब्द नाही. मी असती तर दोन पानं शिव्या लिहिल्या असत्या.

कागद काजलच्या पुढं टाकले. तिनं पाह्यले, अन् खालीच पाहून बोलली. म्हणे, "आजी, लोकं मोबाईलवर बुक करतात तवा झाडाचं नाव निवडतच नाहीत. म्हणतात, नर्सरीवालेच देतीन चांगलं. ते रिकामं सोडलं का साइट आपोआप पहिलं नाव लावून टाकते." पहिलं नाव जिजाबाईचं. अन् काजल ज्या वाफ्यातलं कलम तयार असन ते बांधून देत गेली. तिनं कोणाले फसवलं नाही, तिले वाटलं साइटले माहीत असन. साइटले वाटलं तिले माहीत असन. अन् मले वाटे, दोघांलेही माहीत आहे.

म्हणजे तुझं काही सांडलं नाही. आमच्याच गोणीले छिद्र होतं.

धर्मेंद्रनं लबाडी केली असं नाही. पण गिऱ्हाइकाले त्याचं काय? तो म्हणन, जयवंतानं जिजाबाई सांगतली अन् भलतंच देल्लं. नाव माझं आहे पाटीवर.

आता ऐक. ज्यानं स्वतः नाव निवडलं, त्याचं नाव राहू दे. ज्याचं साइटनं आपल्या मनानं लावलं, तिथं लिही "माहीत नाही". तुले ते शोधता येते काय, ते सांग. अन् मृगाचा, म्हणजे पावसाळ्याच्या बहराचा, माल अजून झाडावर आहे. फळ हातात आलं तर माझ्या तीन झाडांपैकी कोणाचं ते मी सांगतो, बहुतेक. तवा ज्यांच्या बगीच्याले फळ लागलं त्यांच्याकडे मी जातो अन् पाह्यतो. बाकीच्यांचं फळ यायचंच आहे, त्यांले थांबा लागन.

थांबवलेलं काम सुरू कर. अन् मागच्या पत्रातलं शहराचं जे लिहिलं ते यमूले दाखवलं नसन तर दाखवू नको.

जयवंता


हुडकेश्वर
१४ मार्च

जयवंताआजींना,

यमूआजीला दाखवलं नव्हतं. आताही नाही दाखवत.

हो, शोधता येतं. गिऱ्हाइकाने स्वतः निवडलेलं नाव आणि साइटने लावलेलं नाव यांची नोंद आत वेगवेगळी पडत होती. फक्त ती दिसत कोणालाच नव्हती. सगळी वेगळी काढली.

तुमच्या फिरतीसाठी नव्या साइटला एक पान जोडलं आहे. काजलवहिनींच्या मोबाईलवर ते उघडेल. अक्षर मोठं आहे. शेतकऱ्याचं नाव आलं की खाली चार चौकोन दिसतील: तीन झाडांचे फोटो, आणि चौथा "माहीत नाही". तुम्ही बोट ठेवायचं. बगीच्यात नेटवर्क नसलं तरी चालेल. ते मोबाईलमध्ये राहतं आणि रस्त्यावर आल्यावर आपोआप पोहोचतं. जुन्या चौकटीवर हे जमलं नसतं.

"माहीत नाही"चा चौकोन बाकीच्यांएवढाच मोठा ठेवला आहे. तो लहान ठेवला की थकलेला माणूस मोठ्यावरच बोट ठेवतो. आणि काहीच निवडलं नाही तर साइट पुढे सरकणार नाही, तिथेच उभी राहील. यापुढे ती आपल्या मनाने कोणाचंही नाव लावणार नाही.

उन्हाचं जपून फिरा.

तुमची,
वेदिका


बोरडोह
९ एप्रिल

वेदिका,

फिरणं झालं. काजलच्या स्कुटीवर मागं बसून मी जेवढे खड्डे खाल्ले तेवढे जेवणही नाही खाल्लं.

तुझं ते पान म्हणजे पोरी, काय सांगू. मी दुसरी शिकलेली. पहिल्या बगीच्यात काजलनं दाबलं, दुसऱ्यात मी म्हणली, सरक. त्यानंतर तिले हात लावू नाही देल्ला. जलालखेड्याच्या तिकडे नेटवर्कचा पत्ता नव्हता. मी दाबलं अन् मनात म्हणली, गेलं आता हवेत. फाट्यावर आलो तर टुन्न वाजलं अन् लिहून आलं, "पोहोचलं". हैदराबादच्या आमच्या इंजिनेराले हे येत असतं तर मी एवढी बोलली नसती त्याले.

पुष्कळांचं समजलं. साल हातात सैल आली का जिजाबाई, फाकेत बिया कमी का मधुकरराव. लोकांनी मानलंही. एक जण तर खूश झाला, त्याले मधुकररावच पाह्यजे होता अन् नकळत तेच भेटलं होतं.

पण वरुडकडचा विश्वनाथ आहे. मोठा बगीचा, मोठं तोंड. सारा माल "बोरडोहच्या जिजाबाईचा" म्हणून सांगून विकते. त्याच्या बगीच्यात मी चार जागचे फळं फोडले. एक जराक जिजाबाईसारखं, एक चंद्रभानसारखं, बाकीचे कोणाचे ते माझ्या बापालेही न समजावं. जमीन येगळी, पाणी येगळं. मी त्याच्यासमोर "माहीत नाही"वर बोट ठेवलं.

तो ओरडला, "आजी, मी व्यापाऱ्यांले काय सांगू? तुम्ही मले पाण्यात टाकून राहिले!"

मी म्हणली, "सांग, म्हातारीले माहीत नाही."

"साऱ्या वरुडले सांगतो मी. बोरडोहची नर्सरी खोटी."

"सांग. पण हेही सांग का तिनं स्वतः घरी येऊन सांगतलं."

त्यानं चहासाठी थांबवलं नाही. वापस येताना काजल म्हणे, "आजी, त्याच्यापुरतं जिजाबाई राहू देल्लं असतं न. तो तोंडाचा खराब आहे." मी तिले म्हणली, पुढं पाहून चालव. पण मनात मीही हिशेब केला. मोठा माणूस आहे, त्याच्या मागं दहा बगीचे आहेत. ते फिरले तर वाफ्यातले कलमं वाफ्यात वाळतीन.

हे मी तुले सांगतो. काजलले सांगतलं नाही.

जयवंता


हुडकेश्वर
१६ एप्रिल

जयवंताआजींना,

नवी साइट तयार आहे. अक्षय तृतीयेच्या सकाळी उघडेल.

काल धर्मेंद्रदादांचा फोन आला होता. लपवून ठेवत नाही, तुम्हाला सांगते. काजलवहिनींनी त्यांना विश्वनाथांचं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, ते 'माहीत नाही' आपल्यालाच दिसेल असं ठेवा, लोकांना दिसू देऊ नका. माझ्या चुकीनं आजीचं नाव जाऊन राहिलं."  मी म्हटलं, आजींचा शब्द आल्याशिवाय मी एक अक्षर बदलणार नाही.

ते म्हणतात ते करता येतं. लपवणं एका ओळीचं काम आहे. आत्ता ठेवलंय तसं प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला आपलं पान उघडलं की आपलं झाड दिसेल, किंवा "माहीत नाही" दिसेल. तुम्ही "लपव" लिहिलंत तर ते फक्त नर्सरीला दिसेल.

मला विचाराल तर मी लपवणार नाही. पण ज्यांची कलमं वाफ्यात वाळतील त्या तुम्ही आहात, मी नाही. म्हणून माझं मत एवढ्यावरच थांबवते.

धर्मेंद्रदादांबद्दल एक सांगू? एकोणीस वर्षांच्या मुलाने एकट्याने, कोणी शिकवलेलं नसताना बांधलेली ती साइट इतकी वर्षं उभी राहिली. मी रोज मोठमोठ्या कंपन्यांच्या मोडक्या साइट पाहते. तिच्यात चूक होती, पण हात चांगला होता.

तुमचं उत्तर चार ओळींचं असलं तरी चालेल.

तुमची,
वेदिका


बोरडोह
२१ एप्रिल

वेदिका,

लपवू नको.

चार ओळी कायले पाह्यजेत?

जयवंता


बोरडोह
६ मे

वेदिका,

बुकिंग उघडली. तुझी साइट सकाळपासून एकदाही अडकली नाही. लोकं झाडाचा फोटो पाह्यतात, नाव निवडतात, न निवडलं तर ती त्यांले हालू देत नाही. एक जण दारात येऊन म्हणे, "आजी, तुमची साइट लय हट्टी झाली." मी म्हणली, आता ती माझ्यासारखी झाली.

मागच्या सालाएवढी बुकिंग नाही. कमी आहे. तुले खोटं कायले सांगू. विश्वनाथच्या मागचे काही बगीचेवाले आले नाहीत.

धर्मेंद्र रजा काढून आला. मी त्याले फाटकाशी खुर्ची टाकून देल्ली. जुनं गिऱ्हाईक आलं का त्यानं स्वतः सांगाचं, तुमच्या नावावर जिजाबाई होतं, आता हे आहे, अन् असं काहून झालं. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक दिसलं का तो पाणी प्याले उठे. तिसऱ्या दिवशी नीट सांगू लागला. तुझं ते हात चांगला असल्याचं मी त्याले वाचून दाखवलं. तो उठून विहिरीकडे गेला. मी मागं गेली नाही, कामं होते. काजल गेली. आता तिच्या भाकरी जळत नाहीत.

चौथ्या दिवशी विश्वनाथ आला. बुलेट दारातच, डोक्यावरचा गमछाही न काढता. काजलले म्हणे, "माह्यं पान उघड." तिनं उघडलं. त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, "माहीत नाही." ओसरीवर पाच-सहा जण बसले होते. 

मंग माझ्याकडे पाह्यलं. "यंदा घेतले तर कोणाचे देसान?"

"चंद्रभान तयार आहे. मधुकरराव थोडे आहेत. जिजाबाई संपली."

"संपली? तुमच्याकडे जिजाबाई कधी संपली नव्हती."

"आता संपते. झाडच आहे ते."

तो हासला नाही. पण खाली बसला. चंद्रभान बुक केले, एरवी घेते त्याच्या अर्धे. मी म्हणली, अर्धेच काहून? तर म्हणे, "अर्धा भरवसा राह्यला आजी. बाकीचा पाच वर्षांनी फळ पाहून देतो." मी म्हणली, तवा मी नसली तर काजलजवळ देजो. त्याले चहा पाजला. त्यानं नव्हता पाजला, पण मी पाजला.

तवा तुझं काम झालं, अन् चांगलं झालं. माझ्या जिंदगीत मी अशी कारागीर पाह्यली नाही, अन् मी विहिरी खणणाऱ्यापासून दात काढणाऱ्यापर्यंत साऱ्यांचं काम पाह्यलं. शिव्या देल्ल्या तर कागद पाठवले. लपवता येत होतं तर इचारलं. यमूची नात आहे, पण ते यमूमुळं नाही. यमू पाटीवरचं थुंकीनं पुसे.

आता आणखीन एक. आजूबाजूच्या तीन नर्सरीवाल्यांनी तुझी साइट पाह्यली अन् तुझा पत्ता मागतला. आमचीही जुनी झाली म्हणे, आम्हालेही अशी पाह्यजे. मी पत्ता देल्ला. पण पहिलेच सांगून ठेवलं, का ती पोट्टी साइट मंग बांधते, पहिले आत जाऊन तुमचे सारे झाडं मोजते, अन् जे जुळत नाही ते तुमच्या हातात आणून देते. तयारी असन तर जा.

चार दिवस झाले. आला काय वं कोणी?

जयवंता